डाव्या हाताचं बोलणं

जुळारी बोलायला लागला की समोरचा माणूस त्याच्या मदतीला धावायचा, आणि जुळारीला त्या मदतीचीच धास्ती होती. त्याच्या तोंडून ‘म… म…’ एवढं आलं की समोरून सुरू व्हायचं, “मीठ? माचिस? मंगळवारी?” कोडं घातल्यासारखं. शेवटी जे जवळपास जुळेल त्याला तो मान डोलावून मोकळा व्हायचा. मेणबत्ती आणायला जाऊन मीठ घेऊन परतलाय, असं दोनदा झालं होतं.

सहा वर्षांचा असताना शाळेत कविता म्हणायला उभा राहिला, पहिल्याच शब्दाला जीभ अडली, ती अडलीच. मोठा झाल्यावर छापखान्यात खिळे जुळवायची नोकरी धरली, ती यासाठीच. तिथे काम हाताला होतं, तोंडाला सुट्टी होती. चाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांची वाक्यं अक्षर अक्षर करून उलटी लावली. लग्न केलं नाही. थोरली बहीण विधवा होऊन त्याच्याकडे राहायला आली, आणि घरातलं बोलण्याचं खातं तिने आपल्याकडे घेतलं. ताईच्या एका तोंडात दोघांचं काम भागत होतं.

तिशीत असताना छापखान्याचा वायरमन त्याला एकदा एका हौशी रेडिओवाल्याच्या खोलीत घेऊन गेला. टेबलावर लोखंडी पेटी, भिंतीवर देशोदेशींच्या रेडिओवाल्यांनी पाठवलेली पत्त्याची कार्डं, आणि पेटीतून येणारी शीळ, तुटक, कधी छोटी, कधी लांब. टिंब आणि रेघ. तो माणूस डोळे मिटून ऐकत होता आणि मधेच हसत होता. जुळारीने विचारलं, “क… क… का हसलात?” तो म्हणाला, “दोन हजार मैलांवरच्या एका सुताराने विनोद सांगितला.”

वर्षभरात जुळारीने परीक्षा दिली, परवाना काढला, गच्चीवर तार ताणली. पहिल्यांदा मोर्सची कळ दाबून त्याने आपलं वाक्य पाठवलं, तेव्हा ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ गेलं. मधे कुणी ‘मीठ?’ म्हटलं नाही. त्या दिवशी तो गच्चीच्या जिन्यावर बसून रडला होता. ताईला वाटलं, शॉक बसला.

डॉक्टर त्याला भेटला तो रेडिओच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यावर, एका सकाळी सव्वासहाला. गुरांचा डॉक्टर. डोंगराच्या पायथ्याशी राहायचा, दिवसभर गोठे फिरायचा आणि पहाटे रेडिओ लावायचा. पहिल्या दिवशी एका बैलाने गिळलेल्या कुलपाच्या किल्लीची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाला, “किल्ली मिळाली, पण मालकाने तोवर कुलूप तोडलं होतं.” जुळारी हेडफोन लावून एकटाच खो खो हसला. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला तो परत तिथेच होता. डॉक्टरही होता. असं एकोणीस वर्षं चाललं.

रेडिओवाल्यांत प्रत्येकाचा हात वेगळा असतो, हस्ताक्षर असतं तसा. डॉक्टरचा हात ऐसपैस. शेवटची रेघ तो जरा ताणून धरायचा, उठायचं जिवावर आलेल्या पाहुण्यासारखी. जुळारीचा हात म्हणजे छापील कागद. “तुझ्या पानावर शाईचा एक डाग नाही,” डॉक्टर म्हणायचा. अहोजाहोचं अरेतुरे कधी झालं, दोघांनाही आठवत नव्हतं. डॉक्टरच्या बोलण्यात त्याची बायको सारखी यायची. “ही म्हणते, तुमचा तो मित्र जेवतो की नाही वेळेवर?” “हिचा गुडघा आज बरा आहे, म्हणजे मला बोलणी जास्त.” जुळारीने वहिनींना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांचा गुडघा कुठल्या थंडीत दुखतो हे त्याला माहीत होतं.

डॉक्टर दरवर्षी ये म्हणायचा. अंतर एका दिवसाचं, सकाळच्या बसने निघालं तर दिवे लागेपर्यंत पोचावं एवढं. जुळारी दरवर्षी सबब काढायचा. छापखान्यात घाई आहे, ताईला बरं नाही. खरी गोष्ट एकच होती. एकोणीस वर्षांत तो तोतरा आहे हे डॉक्टरला कळलं नव्हतं, आणि जगात तेवढ्या एका माणसाला ते कळू नये असं जुळारीला वाटत होतं.

मग एका सोमवारी डॉक्टर आला नाही. जुळारी मनाशी म्हणाला, हवा खराब असेल. कधीकधी आठवडाभर सगळा पट्टा मेल्यासारखा पडतो, नुसती खरखर. पण त्या दिवशी पट्टा चांगला जिवंत होता, लांबलांबची माणसं खणखणीत ऐकू येत होती. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. तीन आठवडे जुळारी रोज सव्वासहाला डॉक्टरला हाक मारत राहिला आणि उत्तराच्या जागेची शांतता ऐकत राहिला.

ताईच शेवटी म्हणाली, “अरे, कार्डावर पत्ता आहे ना त्याचा? पत्र टाक. ते काय तुला तोंडाने टाकायचंय?”

उत्तर यायला पंधरा दिवस लागले. डॉक्टरच्या मुलीचं पत्र होतं, चारच ओळींचं. बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ गेली. आता घरी आणलंय. ते कुणाला ओळखतात असं वाटत नाही. तुम्ही यायचा त्रास घेऊ नका.

जुळारीने पिशवी भरली. ताई म्हणाली, “तिथे बोलशील कसा? मी येऊ का?” त्याने नाही म्हणून मान हलवली.

दार मुलीने उघडलं. पस्तिशीची, केस कसेतरी बांधलेले. ती शहरात चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. रजा टाकून आली होती. “रेडिओवाले काका ना?” म्हणाली, आणि त्याला आधी स्वयंपाकघरात घेऊन गेली. दार लोटलं.

“काका, बाबांच्या खोलीत जाण्याआधी एक सांगायचंय. आई गेली.”

जुळारी ओट्याला धरून उभा राहिला.

“बाबा हॉस्पिटलमध्ये असताना. नवव्या दिवशी. हार्ट. मी तिकडे बाबांपाशी होते.” ती भराभरा सांगत होती, पाठ केल्यासारखं. “बाबांना सांगितलेलं नाही. हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले, धक्का द्यायचा नाही. आई मावशीकडे आहे, तिचा गुडघा दुखतोय, असं मी रोज त्यांच्या कानाशी बोलते. त्यांना काही कळतं का कोण जाणे. पण तुम्हीही तसंच म्हणा. म्हणाल ना?”

“ह… ह…”

“हो ना?” मुलगी म्हणाली.

खोलीत लाकडी पलंगावर डॉक्टर पडला होता. जुळारीने मनात रंगवलेल्या डॉक्टरपेक्षा खूपच लहान. डोळे छताला. उजवा हात पांघरुणाखाली, डावा पलंगाच्या कडेवर, आणि त्याच्याखाली घडी घातलेला टॉवेल. बोट हलत होतं.

“हे असं दिवसभर चालतं,” मुलगी म्हणाली. “कंप आहे म्हणतात. लाकडाला घासून नख तुटायला लागलं, म्हणून टॉवेल घातला. पेन्सिल देऊन पाहिली, पण हातात ठरत नाही.”

जुळारी त्या बोटाकडे बघत राहिला. बोट टॉवेलवर आपटायचं, मग ओढलं जायचं. आपटायचं, ओढलं जायचं. त्याने पुढे होऊन टॉवेल काढून घेतला.

आता आवाज आला. टिचकी, फरफट. टिचकी आणि फरफट. टिचकी म्हणजे टिंब. नखाची फरफट म्हणजे रेघ. डाव्या हाताने, पाटीवर पहिल्यांदा गिरवणाऱ्या मुलासारखं वेडंवाकडं, पण शेवटची रेघ मात्र ताणलेली. एकच शब्द होता, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा.

‘कुठे. कुठे. कुठे.’

तो पलंगाच्या कडेवर बसला आणि डॉक्टरच्या मनगटावर आपल्या बोटाने सावकाश आपली रेडिओवरची खूण वाजवली. मग दोन शब्द. ‘मी आलोय.’

डॉक्टरचे डोळे छतावरून निघाले, कसेबसे वळले आणि जुळारीच्या तोंडावर येऊन थांबले. डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे गेलं. मग बोट लाकडावर चालू लागलं.

“काय?” मुलगी कुजबुजली. “काय झालं काका?”

“ब… बोलतायत,” जुळारी म्हणाला. “म… म… म्हणतायत, उ… उशी…”

“उशी हवीय? उशी वर घेऊ? अजून एक देऊ?”

“थ… थांब!” जुळारी आयुष्यात कुणावर ओरडला नव्हता. “प… पुरं करू दे!”

मुलगी गप्प झाली. दोघंही त्या बोटाची वाट बघत राहिले. ‘उशी काढा. महिनाभर मान दुखतेय.’

मुलीने उशी काढली, आणि ती छातीशी धरून भिंतीला टेकून खाली बसली. “सगळं कळतंय त्यांना,” ती म्हणत होती. “अगं बाई, सगळं कळतंय. आणि मी त्यांच्यासमोर काय काय बोलले असेन!”

डॉक्टरचं बोट परत हललं. हे फक्त जुळारीसाठी होतं.

‘तू असा बोलतोस?’

जुळारीने मनगटावर वाजवलं, ‘हो.’

‘एकोणीस वर्षं सांगितलं नाहीस, गाढवा.’ थोडं थांबून, ‘आता दोघांत मिळून एकही धड तोंड नाही.’

जुळारी हसला. डॉक्टरच्या चेहऱ्याचा डावा कोपरा वर गेला, उजवा तिथेच राहिला.

संध्याकाळभर घरात कसली धांदल उडाली! दाढी करा. खिडकी उघडी ठेवा. अंग पुसायला येणाऱ्या त्या नर्सबाईला सांगा, मी लहान बाळ नाही. मुलगी रडत होती, हसत होती, धावत होती. जुळारी अडखळत, घाम पुसत, डॉक्टरचं एकेक वाक्य तोंडाने सांगत होता. सबंध जन्मात तो इतकं बोलला नव्हता. डॉक्टरने त्या संध्याकाळी बायकोविषयी एक अक्षर विचारलं नाही. जुळारीला वाटलं, विसरला असेल. मग लगेच कळलं, तो विसरलेला नाही. मुलगी खोलीतून जाण्याची वाट बघतोय.

सकाळी मुलगी दूध आणायला बाहेर पडली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वासहा वाजत होते.

‘आता सांग,’ डॉक्टरने वाजवलं. ‘ही कुठे आहे?’

जुळारीने ठरवून ठेवलं होतं. त्याने डॉक्टरच्या मनगटावर बोट ठेवलं. ‘बहिणीकडे,’ एवढंच वाजवायचं होतं. दोन अक्षरं गेली आणि तिसऱ्याला बोट अडलं. एक टिंब जास्त पडलं. त्याने चुकलं म्हणून खूण केली, पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. पुन्हा तिथेच अडलं. आजवर तोंड अडत होतं. हात कधी अडला नव्हता. तिसऱ्यांदा त्याने शब्द कसाबसा ढकलत शेवटपर्यंत नेला, पण वाटेत तो इतक्या ठिकाणी तुटला होता, की नवशिक्यानेही ओळखावं.

डॉक्टरने मधे काही वाजवलं नाही. त्याने जुळारीला पुरं करू दिलं. मग त्याचे डोळे परत छताकडे वळले.

‘कधी?’ त्याने विचारलं.

जुळारीने तारीख सांगितली. हात आता सरळ चालला.

बाहेर कुणीतरी अंगणाचं फाटक उघडून परत लावलं, शेजारी असेल. डॉक्टरचं बोट लाकडावर नुसतं टेकलेलं होतं. मग ते हललं, खूप हळू. ‘मुलीला कळू देऊ नको, मला कळलंय म्हणून. ती मला जपतेय. जपू दे. दुसरं काय आहे तिच्या हातात?’

मुलगी दूध घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, “काय म्हणतायत बाबा?”

जुळारी उठून उभा राहिला. “म… म्हणतात, त… तुझ्या आईला निरोप दे. ब… बहिणीकडे नीट आराम कर. घ… घाई करू नको.”

मुलीने तोंड फिरवलं. “देते,” म्हणाली. “देते हं बाबा, नक्की.” आणि दूध तापवायला निघून गेली.

दोन दिवसांसाठी आलेला जुळारी जवळजवळ महिनाभर राहिला. ताईला त्याने पत्र घातलं. दुपारी तो मुलीला अक्षरं शिकवायचा. तिने कागदावर टिंबं-रेघांचा तक्ता काढून पलंगाच्या डोक्याशी चिकटवला. मन लावून शिकायची, पण घाई फार. दोन अक्षरं कळली की तिसरं आपणच म्हणून टाकायची. “पाणी?” “पांघरूण?” बोट वैतागून लाकडावर सपाट आपटायचं.

सकाळची वेळ मात्र दोघांची. मुलगी स्वयंपाकघरात असायची आणि डॉक्टर बायकोविषयी बोलायचा. ही लग्नानंतर पहिल्यांदा गोठ्यात आली तेव्हा नाकाला पदर लावून आली, आणि दोन वर्षांत एकटीने वासरू सोडवायला लागली. हिला माझा रेडिओ आवडत नसे, पण मी गावाला गेलो की ती तो रोज पुसून ठेवायची. जुळारी नुसता ऐकायचा. डॉक्टरला रडता येत नव्हतं. रडलं की घशात लाळ अडकून ठसका लागायचा, मुलगी धावत यायची. म्हणून तो वाजवायचा. मुलीला अक्षरं येऊ लागली तशी तो भरभर वाजवायला लागला, तिला पकडता येऊ नये इतकं भरभर. डाव्या हाताला तो वेग झेपत नव्हता. बोटाच्या टोकाला फोड आला.

एके दिवशी त्याने विचारलं, ‘शेवटी तिच्याजवळ कोण होतं?’

जुळारीला माहीत नव्हतं. त्याने दुपारी भांडी पुसता पुसता मुलीला विचारलं. ती ताट हातात घेऊन थांबली.

“कुणी नव्हतं, काका. ती घरीच होती. बाबांचे कपडे हॉस्पिटलमध्ये आणणार होती. संध्याकाळ झाली तरी आली नाही, म्हणून मी शेजारच्या काकूंना फोन केला. ती पलंगावर बसलेली होती, पिशवी समोर. बाबांचा शर्ट मांडीवर, अर्धा घडी केलेला.” तिने ताट खाली ठेवलं. “बाबा आहेत तोच पलंग. मी बाबांना त्याच पलंगावर आणून झोपवलंय. दुसरा पलंग त्या खोलीच्या दारातून आत जात नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जुळारीने ते सगळं डॉक्टरला सांगितलं. एकटी होती, शर्ट, पिशवी, हाच पलंग. काही गाळलं नाही. डॉक्टरने तळहात लाकडावर पसरून ठेवला, आणि तो दुपारपर्यंत तसाच राहिला. मुलगी दोनदा विचारून गेली, “बाबा आज गप्प का?”

“थ… थकलेत,” जुळारी म्हणाला.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टरला कफ झाला. ताप चढला. हॉस्पिटलमध्ये न्यायचं का, असं मुलीने विचारलं तेव्हा त्याने ‘नको’ एवढंच वाजवलं. ते तिला जुळारीच्या मदतीशिवाय कळलं. घरीच औषधं सुरू केली. दोन दिवस ती त्याच्याजवळून हलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचे डोळे तांबारलेले, बसल्या बसल्या डुलकी येत होती. डॉक्टरचं बोट हललं. जुळारी सांगायला पुढे झाला, तर तिने हात वर करून त्याला थांबवलं. ओठ हलवत एकेक अक्षर जोडत गेली. मधे काही म्हणाली नाही. शेवटच्या अक्षरापर्यंत थांबली.

“झोप थोडी,” ती म्हणाली. “बाबा म्हणतायत, झोप थोडी. बरोबर ना काका?”

“ब… बरोबर.”

ती तिथेच, पलंगाच्या पायथ्याशी, चटईवर आडवी झाली. डॉक्टर त्यानंतर काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास श्वास मंदावत गेला आणि थांबला. मुलीचा हात त्याच्या डाव्या हातावर होता. जुळारी खिडकीपाशी उभा होता.

माणसं आली, सगळं उरकलं, माणसं गेली. घर धुतलं गेलं. चौथ्या दिवशी मुलगी आणि जुळारी मागच्या पायरीवर बसले होते. त्याची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. दुपारच्या बसने तो निघणार होता.

“काका, तुम्ही आला नसतात तर बाबा तसेच टॉवेलवर बोट आपटत गेले असते,” ती म्हणाली. “मी त्या विचाराने वेडी झाले असते.”

जुळारीने पायरीवरचं वाळलेलं पान उचलून बाजूला ठेवलं.

“एक मात्र बरं झालं.” ती अंगणातल्या रिकाम्या दोरीकडे बघत होती. “आईचं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ती मावशीकडे सुखाने आहे, असं समजून गेले. एवढं तरी मला जमलं. जमलं ना काका?”

जुळारीच्या मनात आलं, सांगावं. की त्यांना कळलं होतं. की वीस दिवस ते तिच्यासाठी गप्प बसले होते. की रोज सकाळी या भिंतीपलीकडे एक माणूस बोटाला फोड येईपर्यंत आपल्या बायकोसाठी शोक करत होता, आणि ती इकडे चहा गाळत होती. तेही प्रेमच होतं, तिला कळायला हवं होतं. पण ज्याचं होतं त्याने ते तिच्यापासून लपवून ठेवायला सांगितलं होतं.

“ह… ह…” तो म्हणाला. तिने पुढचं अक्षर सुचवलं नाही. वाट बघत बसली. “हो,” जुळारी म्हणाला. “ज… जमलं.”

तिने मान हलवली. मग तिचा चेहरा हळूहळू मोडत गेला. आई गेल्यापासून तिला रडायला मिळालं नव्हतं. त्या दिवशी डोळे धुऊन, हसरं तोंड करून तिला हॉस्पिटलच्या खोलीत परत जावं लागलं होतं, आणि तेव्हापासून ती रोज तेच तोंड करून त्या खोलीत जात होती. आता तिने पायरीवरच गुडघ्यांत डोकं घातलं आणि आधी आई, मग बाबा, मग परत आई, अशी हाक मारत मोठ्याने रडली. शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या आणि जुळारीने हाताने खूण केल्यावर परत गेल्या.

बसची वेळ टळून गेली. जुळारी उठला नाही. ऊन पायरीवरून उतरून अंगणात गेलं, तरी तो तिच्या शेजारी बसून होता.